वाऱ्याला वाट हवी

‘‘मावशी, आज नाही उडायचं!’’ इंजिन बंद करून भाची खाली उतरली आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बहिणीच्या लेकीकडे अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला गेले होते. ऊन अगदी आमच्या जळगावचं! आणि या पोरीनं गॅरेजमध्ये सहा वर्षं खपून दोन जणांचं विमान बांधलेलं. तिकडे हौशी माणसांना अशी परवानगी मिळते. निम्म्याहून जास्त काम स्वतःच्या हातचं लागतं, मग तपासणी होते. सुरुवातीचे ठराविक तास चाचणीचे, तेव्हा हौस म्हणून कोणाला सोबत न्यायचं नाही.

विमान बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’च्या आराखड्यावरचं. त्यांनीच रचलेल्या ‘व्हॉयेजर’मधून 1986 साली जीना येगर या बाईनं डिक रुटान यांच्यासोबत कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता 9 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती.

या विमानाचं इंजिन मागे आणि पंखाही मागे. पुढे पंखा असला की जमिनीवर उभं असतानाही इंजिनाला थोडा वारा लागतो. इथे तोही नाही. आकाशात वेगामुळे वारा मिळतो, पण धावपट्टीपाशी नंबर लागेपर्यंत इंजिन नुसतं तापत राहतं. त्या दिवशी तेलाचा काटा 110 अंशांवर गेला. मर्यादा 118 ची. शेजारचे अनुभवी गृहस्थ म्हणाले, ‘‘वर गेलीस की होईल गार.’’ जावईबापूंनी तर कॅमेराही काढला होता. पण ही ठाम. ‘‘आधीच तापलेलं इंजिन घेऊन पूर्ण जोरात वर चढायचं? नको.’’

मग तिनं तेलाच्या कूलरसाठी 12 व्होल्टचा विजेचा पंखा आणला. साधारण 10 अँपिअर खाणारा, म्हणजे 120 वॅटचा. पहिल्या दिवशी फरक जेमतेम! का? पंखा आणि कूलर यांच्यात फट होती. वारा कूलरमधून जायच्या ऐवजी फटीतून निसटत होता. ‘‘कुकरची रिंग सैल असली की वाफ निघून जाते ना, तसंच गं मावशी.’’ तिनं पत्र्याचं खोकं करून फटी बुजवल्या, गरम हवा बाहेर पडायला वाट मोकळी केली. पंखा समोर न लावता बाजूला बसवला, म्हणजे उडताना समोरच्या वाऱ्याला त्याची आडकाठी नको. वारा उलटा पंख्यातून निसटू नये म्हणून झडप लावली. वेगळं बटण, वेगळा फ्यूज. ‘‘पंखा फक्त जमिनीपुरता. वर तो बंद पडला तरी इंजिन गार राहिलंच पाहिजे,’’ ती म्हणाली. पुढच्या खेपेला वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं, काटा शंभरच्या आतच राहिला.

मी मात्र खाली मान घालून ऐकत होते. आमच्या बचत गटाच्या मिरची कांडप यंत्राची मोटार आदल्या वर्षी जळली होती. तिखटाची धूळ जाऊ नये म्हणून मीच मोटारीवर गोणपाट टाकायला सांगितलं होतं! मोटारीच्या पाठीमागच्या जाळीतून तिचा पंखा हवा ओढतो, तीच वाट मी बंद केली. आणि दोष दिला तो चालवणाऱ्या ताईंना, ‘‘तुम्ही फार वेळ चालवता’’ म्हणून. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण गटात यायच्या थांबल्या.

परत आल्यावर आधी त्यांच्या घरी गेले. ‘‘चूक माझी होती हो,’’ म्हटलं. त्यांनी चहा टाकला. आता मोटारीवर गोणपाट नाही, जाळी रोज ब्रशने झटकतो आणि मोटारीला हात लावून बघायचं काम त्याच ताईंकडे आहे.

मी आल्यावर महिन्याभरानं भाचीचा फोन आला, ‘‘मावशी, उडाले! वीस मिनिटं!’’ मैत्रिणींनो, सगळे ‘जा’ म्हणत असताना तिनं इंजिन बंद केलं, मला तर तेच खरं धाडस वाटलं.