कार्ल्याच्या छताला सागवान कशासाठी?

एकवीरा आईचं देऊळ कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, अगदी तोंडाशी आहे. दर्शन घेऊन लेण्यात शिरलं की नजर खांबांवरच्या हत्तींवर आणि त्यांवर बसलेल्या जोडप्यांवर खिळते. पण जरा मान वर करा. सुमारे 45 फूट उंचीच्या कमानदार छताला ओळीनं फासळ्या दिसतील. त्या दगडी नाहीत, सागवानी आहेत. जवळपास दोन हजार वर्षं त्या तिथंच आहेत.

आणि त्यांच्यावर कसलाही भार नाही! हे छत कुणी बांधलेलंच नाही. कातळ कोरत कोरत आत जाऊन, नको तेवढा दगड काढून टाकला आणि उरलं ते छत. सगळं लाकूड उतरवलं तरी ते जागचं हलणार नाही. मग एवढं सागवान डोंगरावर चढवायचं, बाक देऊन वर बसवायचं, हा खटाटोप कशासाठी?

त्याआधीची प्रार्थनागृहं लाकडी असत. वाकवलेल्या वाशांवर त्यांचं छप्पर खरोखरच उभं राही. ती सगळी कधीच कुजून गेली, पण लोकांच्या डोळ्यांत पवित्र जागेचं रूप तेच राहिलं. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थिजलेल्या लाव्हारसात, ते रूप आणायचं होतं. फासळ्या दगडातही कोरता आल्या असत्या. पुढं अजिंठ्याच्या 19 क्रमांकाच्या आणि वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात तसंच केलं गेलं. पण आकार तोच राहिला तरी लाकडाचा रंग, त्याचे रेषे, त्याची ऊब दगडात येत नाही. कार्ल्याच्या कारागिरांना ते लाकूडच हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. ओसरीतल्या दगडी हत्तींना म्हणे खरे हस्तिदंती सुळे बसवलेले असावेत. तेही याच ओढीतून आलं असणार.

इथल्या एका शिलालेखात धेनुकाकट या ठिकाणच्या सामी नावाच्या सुतारानं दर्शनी दार घडवल्याची नोंद आहे. लेण्याच्या दगडावर सुताराचं नाव! लाकूड आणि दगड, दोन्ही घडवणारे हात इथं एकत्र राबत होते.

आजची दृश्यकला पाहताना मला कार्ल्याचं हे छत फार उपयोगी पडतं. ‘हे कशाचं चित्र आहे?’ याआधी ‘हे कशात केलंय आणि त्यातच का?’ असं विचारायची सवय लागते. मुंबईचे कलाकार सुदर्शन शेट्टी फुटलेली चिनीमातीची भांडी घेतात आणि तुटून गेलेला भाग जुन्या लाकडात घडवून बसवतात. भांड्याचा घाट पूर्ण होतो, पण गुळगुळीत चकाकी जिथं संपते तिथून लाकडाचे रेषे सुरू होतात. मोड लपत नाही, उलट डोळ्यांत भरते. तोच तुकडा चिनीमातीत केला असता तर ती नुसती डागडुजी झाली असती.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती धरली. रंगाचा थर चढवायचा, कागद दाबून तो थोडा उचलून घ्यायचा, पुन्हा चढवायचा. त्यामुळे त्यांच्या कॅनव्हासवर प्रकाश पृष्ठभागाच्या खालून झिरपल्यासारखा दिसतो. छापील चित्रात यातलं फारसं काही उरत नाही; मूळ कॅनव्हाससमोरच उभं राहावं लागतं.

आणि प्रभाकर पाचपुते. 1986 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जन्म, घरात कोळसा खाणीतल्या कामाची परंपरा. शिक्षण शिल्पकलेचं, तरी खाणकामगार आणि खाणींनी गिळलेली शेतं रेखाटायला त्यांनी कोळसाच उचलला, तोही अनेकदा थेट भिंतीवर. जळलेल्या लाकडाच्या त्या काळ्या भुकटीला भिंतीचा खडबडीतपणा धरून ठेवतो, बोट फिरवलं की ती पसरते. तेलरंगात हीच माणसं कदाचित अधिक टिकली असती. पण ज्या काळ्या धुळीत ती राबली, तशी धूळ त्यांच्या अंगावर दिसली नसती.