नवख्याची जोड नवख्याशीच लावा!

नातेपुते-माळशिरस भागात जत्रेतला कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना रेवड्यांवरच्या कुस्त्या आठवत असतील. लहान पोरांच्या जोडी जाणते वस्ताद वय, अंगकाठी आणि कसरत पाहून लावतात. काल लंगोट चढवलेल्या पोरापुढे तीन वर्षे तालमीत घुमलेला गडी कोणी उभा करीत नाही.

हेच शहाणपण ज्युदोतही हवे. आज शालेय क्रीडा स्पर्धांत ज्युदो आहे. आपली मुले, विशेषतः मुली, त्यात उतरत आहेत, ही अभिमानाची बाब आहे. तेथे 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट व त्यात वजनगट असतात. परंतु वजन सारखे असले तरी एकीचा सराव दोन महिन्यांचा आणि दुसरीचा चार वर्षांचा असू शकतो. ही जोड बरोबरीची कशी म्हणावी?

ज्युदोची जन्मभूमी जपान. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत ही विद्या सुरू केली. परस्परांचे कल्याण हे त्यांनी तिचे ध्येय सांगितले. त्याच जपानमध्ये 1983 नंतरच्या तीन दशकांत शाळांतील ज्युदोत शंभरहून अधिक मुले दगावली. बहुतेकांच्या डोक्याला मार बसला होता आणि त्यांत पहिल्या वर्षाची नवखी मुले जास्त होती. मुलांची मान कच्ची असते. पडताना हनुवटी छातीला लावायची सवय नसेल, तर डोके मागे आपटते. शिकवण्याची पद्धत सुधारल्यावर हे मृत्यू घटले.

तेथे प्राथमिक शाळेच्या मुलांना गळा आवळणे आणि हाताचा सांधा पिरगाळणे या डावांना बंदी आहे. दोन्ही गुडघे एकदम टेकून खांद्यावरून फेकणेही त्यांना मना आहे. माध्यमिक शाळेतही सांध्याचे डाव चालत नाहीत. 2022 साली तर तेथील महासंघाने प्राथमिक मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी मुलांचे नुकसान होते, हे त्यांनी ओळखले.

नियम बदलले म्हणजे खेळ खोटा झाला, असे काहीजण म्हणतील. मग अंधांचा ज्युदो पाहा. तेथे दोघांना एकमेकांची पकड देऊनच लढत सुरू होते. त्याच नियमाने 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशच्या कपिल परमार यांनी कांस्यपदक मिळवले. ते पदक कोणी कमी लेखील काय?

सर्वांना एकच नियम लावला की समता आली, असे नसते. मागून आलेल्याला उभे राहण्याची संधी देणे ही खरी समता, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको.

म्हणून पालकहो, मुलांना स्पर्धेला जरूर पाठवा. पण प्रशिक्षकांना चार प्रश्न विचारा. पडण्याचा सराव पुरेसा झाला आहे का? नवख्यांचा गट वेगळा आहे का? कोणते डाव बंद आहेत? मूल हट्टाने हार मानत नसेल, तर पंच वेळीच लढत थांबवतील का?

मजुरी करणाऱ्या घराला मोडलेला हात परवडत नाही. आणि पहिल्याच लढतीत धसका घेतलेली मुलगी पुन्हा मॅटवर येत नाही. तिला हरू द्या, पण उद्या पुन्हा यावेसे वाटेल, अशा रीतीने हरू द्या.

जयभीम!