आधी माप घ्या!

रमजानचा पहिला पंधरवडा सरला की मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या दुकानावर 'नवीन कपडे घेणे बंद' अशी पाटी लागते. पाटी लागली तरी गर्दी काही हटत नाही. इफ्तार झाली की बायका-मुली पिशव्या घेऊन हजर. 'चाचा, एवढा एकच सूट!' मशीन रात्री उशिरापर्यंत खडखडत असते. त्यातला एखादा जुना, जाणता कारागीर बघावा. तो नुसते छाती-कंबर मोजून वहीत आकडे लिहीत नाही. बोलता बोलता विचारतो, 'स्कूटी चालवता का बेटा? मग घेर बेताचा ठेवू. कडेवर बाळ आहे? मग गळ्याला पुढून बटणे देऊ. बाही कुठपर्यंत? ओढणी डोक्यावर घेता की खांद्यावर?' डिझाइनच्या महाविद्यालयात याच चौकशीला 'यूजर रिसर्च' म्हणतात आणि ती शिकायला फी भरावी लागते.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात अहेदा झानेत्ती या बाईंनी अशीच चौकशी करून एक पोशाख तयार केला. पुढे त्यावर नगराध्यक्षांनी बंदीहुकूम काढले, पंतप्रधान बोलले, न्यायालये बसली. तो पोशाख म्हणजे बुर्किनी. नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. तो कसा जन्मला हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

अहेदा यांचा जन्म लेबनॉनमधल्या त्रिपोलीचा, पण अगदी लहानपणीच त्या ऑस्ट्रेलियात आल्या. त्यामुळे वाढल्या त्या सिडनीतच. २००४ ची गोष्ट. त्यांच्या भाचीला नेटबॉल खेळायचा होता. बास्केटबॉलच्या जातीचा हा खेळ तिकडे मुलींमध्ये फार लोकप्रिय आहे. भाची हिजाब घालायची, म्हणून संघात घ्यायला खळखळ झाली. अहेदांच्या बहिणीला वाद घालावा लागला, की अंगभर कपडे घालते एवढ्यासाठी माझ्या मुलीला खेळू का द्यायचे नाही? अखेर परवानगी मिळाली. पहिल्या सामन्याला सगळे घर टाळ्या वाजवायला गेले. मैदानात पोर उतरली ती गळाबंद जाड बनियन, पायात ट्रॅकपँट, वर संघाचा गणवेश आणि डोक्याला हिजाब, अशी. थोड्याच वेळात तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला.

बाकीच्यांनी सामना पाहिला, मावशीने तो लाल चेहरा पाहिला. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ तिथे आहे.

अहेदांना स्वतःचे बालपण आठवले. मर्यादेत राहायचे म्हणून त्या खेळाच्या तासाला कधी उतरल्याच नव्हत्या. घरी येऊन त्यांनी मुस्लिम मुलींसाठी खेळाचे कपडे शोधले. कुठेच काही मिळेना. मग दिवाणखान्यात जमिनीवर बसून त्या स्वतःच रेखाटू लागल्या. हिजाब समोर ठेवला आणि त्यातले जादा कापड एकेक करत कमी करत गेल्या. खेळताना टोक सुटते, पिन टोचते, खांद्यावरचा पदर गोळा होतो, ते सगळे काढून टाकले. उरले ते डोके आणि मान झाकणारे, अंगाबरोबर हलणारे टोपडे. हिजाब आणि हुड यांचे मिळून त्याचे नाव 'हिजूड'.

इथे त्यांना धास्ती वाटली. कपड्याने केस झाकावेत आणि अंगाचा आकारही दिसू नये, अशी रीत. आणि या टोपड्यात तर मानेचा आकार दिसतो! समाज काय म्हणेल? त्यांनी स्वतःलाच उत्तर दिले, की मानच तर आहे, त्याने काय बिघडते? ज्यांनी घरात सासू, आई आणि लेक अशा तिघींच्या पसंतीचा एक कपडा निवडला आहे, त्यांना ही धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.

पण स्वतःच्या उत्तरावर त्या विसंबल्या नाहीत. बाजारात आणण्याआधी त्यांनी नमुना शिवला आणि सोबत प्रश्नावली दिली. तुम्ही हे घालाल का? हे मिळाले तर जास्त खेळाल का? पोहाल का? समाजातल्या पुष्कळांना तेव्हा हे नेमके काय आहे, याला कसे स्वीकारायचे, हेच कळले नाही. अहेदांनीही हे लपवलेले नाही. तरी त्यांनी काम पुढे रेटले, आणि पाठोपाठ पोहण्याचा पोशाख आला.

पाण्याचे गणित वेगळे असते. साधे सुती कापड पाणी पिते, जड होते, पायात अडकते. अंगातला झगा फुग्यासारखा वर तरंगतो. पाणबुड्यांचा रबरी सूट अंगाला घट्ट चिकटतो, म्हणजे तोही बाद. हवे होते ते पोहण्याच्याच हलक्या कापडाचे, थोडे सैल आणि चेहरा, तळहात, पावले सोडून बाकी अंग झाकणारे. पहिली चाचणी अहेदांनी घरच्या बाथटबमध्ये केली. पण सूर मारला तर टोपडे डोक्यावर टिकेल का, हे टबमध्ये कसे कळणार? म्हणून त्या सिडनीतल्याच रोझलँड्सच्या तलावावर गेल्या. लोक टकामका बघत होते. बाई थेट पलीकडच्या टोकाला गेल्या, फळीवर चढल्या आणि उडी मारली. वर आल्या तेव्हा टोपडे जागच्या जागी होते! चारचौघांत पोहण्याची त्यांची ती आयुष्यातली पहिली वेळ होती. संशोधन करणारी बाई आणि ज्यांच्यासाठी संशोधन चालले होते त्यांतली पहिली गिऱ्हाईक, एकच.

एवढे सगळे बारकाईने करणाऱ्या अहेदांच्या हातून एक गोष्ट मात्र घाईत झाली. नाव! पोशाखाला चटकन काहीतरी म्हणायला हवे होते. बुरखा आणि बिकिनी हे दोन शब्द जोडले आणि 'बुर्किनी' झाले. त्या सांगतात, की बुरखा हा त्यांच्यासाठी नुसता एक शब्द होता. कुराणात तो नाही आणि चेहरा तर या पोशाखात झाकला जातच नाही. मुस्लिमपण आणि ऑस्ट्रेलियनपण यांची एक गाठ, एवढाच त्यांचा अर्थ. पण शब्दाला स्वतःचा इतिहास असतो. आपल्या मराठीतच बघा, 'बुरखा फाडला' म्हणजे ढोंग उघडे केले. वस्त्राचे नाव संशयाच्या वाक्प्रचारात जाऊन बसले आहे. युरोपात तर त्या शब्दामागे अफगाणिस्तानची जाळीदार निळी वस्त्रे उभी राहतात. कापडाची पाण्यात चाचणी घेतली, तशी नावाची चाचणी परक्यांच्या कानावर घ्यायला हवी होती. 'अंगभर पोहण्याचा सूट' असे काही रूक्ष नाव असते तर कदाचित निम्मी भांडणे झालीच नसती. अर्थात मग ते इतके खपलेही नसते!

११ डिसेंबर २००५ रोजी सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर सुमारे पाच हजारांचा जमाव जमला. आठवड्यापूर्वी किनाऱ्यावरचे जीवरक्षक आणि लेबनीज वंशाची काही मुले यांच्यात मारामारी झाली होती, त्याचा हा राग. मध्यपूर्वेचा दिसेल त्याला मार पडला. त्या दंगलीनंतर मुस्लिम मुला-मुलींना किनाऱ्यावरच्या जीवरक्षक दलात आणण्याचा कार्यक्रम 'सर्फ लाइफ सेव्हिंग ऑस्ट्रेलिया' या संस्थेने हाती घेतला. त्यात मक्का लाला ही तरुणी पुढे आली. तिच्यासाठी अहेदांनी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगातली खास बुर्किनी शिवली आणि २००७ मध्ये मक्का ती घालून किनाऱ्यावर पहाऱ्याला उभी राहिली. ज्या किनाऱ्यांवर जायला घरातली माणसे धजत नव्हती, तिथे आता बुडणाऱ्याला वाचवायला त्यांचीच मुलगी.

गिऱ्हाईकही अनपेक्षित निघाले. ज्यू, ख्रिस्ती, मॉर्मन आणि हिंदू बायकांनीही हे सूट घेतल्याचे अहेदांनी लिहिले आहे. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतके आहे, त्यामुळे उन्हापासून अंग झाकणारा कपडा तिथे धर्माचा विषय राहतच नाही. नुकतीच बाळंत झालेली बाई, शरीराविषयी संकोच वाटणारी बाई, यांनाही तो सोयीचा वाटला. आपल्याकडे वेगळे काय आहे? गावोगावच्या जलतरण तलावांवर 'नायलॉनचा पोशाख सक्तीचा' ही पाटी असते, आणि बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की मुली यायच्या बंद होतात. त्यात फातिमा असते, तशी सुनंदाही असते. सुनंदाच्या आजीने नऊवारीला कासोटा घालून शेतात रोपे लावली, विहिरीचे पाणी ओढले. कापड अंगभर राहिले आणि पायही मोकळे झाले. त्या कासोट्याचे पेटंट कोणी घेतले नाही, एवढेच.

२०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नीस शहरात ट्रक घालून ८६ माणसे मारली गेली. दुःख आणि भीती खरी होती. पण जुलैअखेर कान शहराने किनाऱ्यावर बुर्किनीला बंदी केली, मग एकेक करत तीसएक गावांनी. पंतप्रधान मान्युएल व्हाल्स यांना त्यात स्त्रीची गुलामी दिसली. ऑगस्टमध्ये नीसच्या वाळूवर पोलिसांच्या घेऱ्यात बसून अंगरखा उतरवणाऱ्या एका बाईची छायाचित्रे जगभर गेली. तिच्या अंगात बुर्किनी नव्हतीच, होता तो साधा अंगरखा, लेगिंग आणि डोक्याला रुमाल. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या इमामांनी समुद्रात पाय भिजवणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींचे छायाचित्र फेसबुकवर टाकले. सोबत एक शब्दही लिहिला नाही. लिहायची गरज होती का? २६ ऑगस्टला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव्ह-लूबे या गावाची बंदी स्थगित केली, कारण ती मूलभूत स्वातंत्र्यांवरचा उघड घाला होती.

मात्र तलावांचा प्रश्न तिथे वेगळा आहे, हेही सांगायला हवे. फ्रान्सच्या सार्वजनिक तलावांत स्वच्छतेसाठी पुरुषांनाही सैल चड्डी चालत नाही. ग्रेनोबल शहराने २०२२ मध्ये बुर्किनीला मुभा दिली, ती याच न्यायालयाने अडवली. एका गटासाठी नियमाला अपवाद नको, असे त्याचे म्हणणे. हा युक्तिवाद पटो न पटो, वाळूवर अंगरखा उतरवायला लावण्यापेक्षा तो बरा.

अहेदांनी तेव्हा एका इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यांचा रोख सरळ होता. मी बायकांना मोकळीक मिळावी म्हणून हे शिवले, आणि बाईने काय घालावे याची चिंता पुरुषांनी करू नये. झाका म्हणणारे तालिबान आणि काढा म्हणणारे राजकारणी यांना त्यांनी एकाच पंक्तीत बसवले. हे शेवटचे वाक्य आपल्याकडे कमी उद्धृत होते, त्याला कारणेही आहेत. बुर्किनीची बाजू घेणाऱ्या काहींना तालिबान शब्द अडचणीचा वाटतो. पण सप्टेंबर २०२२ मध्ये इराणमध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली, तेव्हा तिलाही कोणी विचारले नव्हते. आणि मुस्लिम घरांतही कोणी हिजाब घेते, कोणी ओढणी, कोणी काहीच नाही. इफ्तारीच्या एकाच दस्तरखानावर तिघी शेजारी शेजारी बसतात.

विचारायचे कसे, याचे आणखी एक उदाहरण नेदरलँड्समध्ये सापडते. तिथे शाळेच्या व्यायामवर्गात हिजाब धोक्याचा मानला जाई. त्याऐवजी गळाबंद बनियन आणि पोहण्याची टोपी घाला, असा तोडगा सुचवला गेला होता. पोरींना तो अर्थातच विनोदी वाटला. सिंडी व्हान डेन ब्रेमेन ही डच विद्यार्थिनी, स्वतः मुस्लिम नसलेली, आइंटहोवनच्या डिझाइन अकादमीत १९९९ मध्ये पदवीचा प्रकल्प करत होती. ती त्या मुलींशीच बोलली. त्यातून खेळाच्या हिजाबांची मालिका तयार झाली. फुटबॉलमध्ये गळा आवळला जाईल ही भीती होती, म्हणून तिने पुढे ओढले की आपोआप सुटेल असा, चिकटपट्टीचा हिजाब बनवून नियम करणाऱ्यांसमोर ठेवला. त्याआधी जून २०११ मध्ये इराणच्या मुलींना हिजाबमुळे ऑलिंपिक पात्रतेचा सामना न खेळताच सोडावा लागला होता. मैदानात उभ्या राहून त्या रडल्या होत्या. मार्च २०१४ मध्ये बंदी उठली.

३० जुलै २०२३ रोजी अॅडलेडमध्ये मोरोक्कोची बचावपटू नुहैला बेंझिना महिला विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी पहिली खेळाडू ठरली. ज्या ऑस्ट्रेलियात एका पोरीला नेटबॉलच्या संघात घ्यायला वाद घालावा लागला होता, त्याच देशात. मोरोक्कोने दक्षिण कोरियाला १-० ने हरवले. टाळ्या त्या गोलाला पडल्या, हिजाबाकडे बघायला कोणाला फारशी सवड नव्हती.