गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि एक विषाणू : घरातल्या पुरुषांनीही वाचावं



या पानावर आपण नेहमी जाळी, परवाने, अनुदान आणि मासळीचे भाव यांवर लिहितो. आजचा विषय वेगळा आहे आणि लिहिताना आम्हालाही थोडा संकोच वाटला. पण मागे आपल्याच एका सभासदाने घरवालीच्या उपचारासाठी होडी विकली, इंजिनही विकलं. तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती, आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती आठ महिने तशीच गल्ल्या फिरली. कुणाला बोलली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा आजार पसरलेला होता. होडीही गेली आणि वहिनीही गेल्या.

त्यानंतर आम्ही डॉक्टरांना विचारलं, वाचलं. जे समजलं ते इथे लिहितो. कारण हा आजार बहुतेक वेळा थांबवता येतो, आणि हे नीट दाखवून दिलं ते आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या बायकांनीही.

कॅन्सर विषाणूमुळे होतो?

सगळे होत नाहीत, पण काही होतात. लिव्हरचा कॅन्सर बऱ्याचदा हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे होतो, म्हणून तर बाळाला जन्मल्याबरोबर त्याची लस देतात. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. पूर्वी शास्त्रज्ञांचा संशय दुसऱ्याच एका विषाणूवर होता. जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन म्हणायचे की चामखीळ आणणाऱ्या विषाणूच्या कुळातलाच कुणीतरी हे करतो. तेव्हा फार कुणी ऐकलं नाही. १९८३ मध्ये त्यांच्या गटाला कॅन्सरच्या गाठीत एचपीव्ही १६ सापडला, पुढच्या वर्षी एचपीव्ही १८. या कॅन्सरच्या शंभरातल्या साधारण सत्तर केसेस या दोघांमुळेच होतात. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आपल्या देशात २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार जणी त्यात जातात.

पसरतो कसा?

शरीरसंबंधातून. हे वाचून कुणी बाईकडे बोट दाखवू नये, म्हणून पुढचं नीट वाचा. हा विषाणू इतका सर्रास आहे की लग्न झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधीतरी तो लागतोच. पुरुषाला सहसा काही त्रास होत नाही, त्यामुळे आपल्याकडून घरात आला हे त्यालाही कळत नाही. नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईलाही तो होतो. कधी लागला, कुणाकडून लागला, हे कुठल्याही तपासणीतून कळत नाही. त्यामुळे तपासणीत विषाणू निघाला म्हणून घरात भांडण काढण्यात काही अर्थ नाही.

आणि विषाणू लागला म्हणजे कॅन्सर झाला, असंही नाही. बहुतेक जणींच्या अंगातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींच्या अंगात तो टिकून राहतो. त्यांच्या गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात आणि कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. इतकी वर्षं दुखत नाही, खुपत नाही.

होडीच्या तळाचा सांधा सुटायला लागतो तेव्हा वरून काय दिसतं? काहीच नाही. म्हणून आपण होडी काठावर ओढतो, उलटी करतो, सांधे बघतो, डांबर लावतो. पाणी आत यायची वाट कुणी बघत नाही. इथेही तसंच आहे. या पंधरा-वीस वर्षांत कधीही बघितलं तर छोट्या उपचारात काम भागतं. रक्त जायला लागल्यावर गेलं, तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

उस्मानाबादच्या खेड्यांत काय झालं

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. गावोगावी जाऊन कॅन्सरच्या केसेस लिहून घेतल्या, तेव्हा बायकांमध्ये हाच कॅन्सर पुढे असल्याचं दिसलं. पण गरीब खेड्यात कोणती तपासणी उपयोगाची, हे जगात कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

ते शोधायला १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही तपासणी, म्हणजे विषाणूच शोधायचा. दुसऱ्यात पॅप तपासणी, म्हणजे पेशी काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघायच्या. तिसऱ्यात गर्भपिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी बघायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. त्याला व्हीआयए म्हणतात. चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त नेहमीची दवाखान्याची सोय.

तपासणी एकदाच झाली. जिच्यात दोष निघाला तिच्यावर उपचार केले आणि पुढे आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. एचपीव्ही तपासणीच्या भागात शंभरातल्या दहा जणींत विषाणू निघाला. निकाल २००९ मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या भागात बायका जास्त होत्या, ३४,१२६, आणि मृत्यू ३४. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए एकदाच केल्याने तसा ठळक फरक पडला नाही.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं बरोबर होतं का, यावर पुढे कडक टीकाही झाली. तो प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्या ६४ जणींचा आकडा वाचून नुसतं पुढे जाऊ नये असं आम्हाला वाटतं. त्यातून जे कळलं ते आपण वापरलं नाही, तर मग कुणासाठी होतं?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही १९९८ पासून टाटा मेमोरियलने असाच अभ्यास केला. तिथे व्हीआयए तपासणी डॉक्टरांनी नाही, तर साधारण दहावी शिकलेल्या आणि काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केली. मात्र एकदा करून सोडली नाही, दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हिशोब सरळ आहे. एचपीव्ही तपासणी मिळाली तर उत्तम. व्हीआयए मिळाली तर तीही करावी, पण एकदा करून विसरू नये.

लसीची भीती

वडोदऱ्याची गोष्ट काही जणांच्या कानावर असेल. २००९ मध्ये वडोदरा जिल्ह्यात आणि आंध्रातल्या खम्मममध्ये मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. त्यातल्या सात मुली पुढे वारल्या आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने काम थांबवलं. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. गुजरातच्या दोघींपैकी एक साप चावून गेली होती, दुसरी मलेरियाने. पण मुलींच्या पालकांची संमती नीट घेतली नव्हती, हा ठपका चौकशीत बसला आणि तो खराच होता. भीती तिथून पसरली.

त्याच वेळी देशात लसीचा आणखी एक अभ्यास चालू होता. पुणे, बार्शी, अहमदाबाद ही त्यातली काही ठिकाणं. मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचे होते. सरकारी आदेशाने तोही मध्येच थांबला आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. डॉक्टरांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, दहा वर्षं तपासत राहिले. २०२१ मध्ये निकाल आला : १६ आणि १८ या दोन विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग रोखायला एक डोसही सुमारे ९५ टक्के उपयोगी पडला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसलाही मान्यता दिली, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या देशी लसीला सरकारची परवानगी मिळाली.

लस ९ ते १४ वयात, म्हणजे विषाणू लागण्याच्या खूप आधी दिली तर सगळ्यात चांगली. आधीच लागलेला विषाणू लसीने जात नाही. म्हणून मुलीला लस आणि आईला तपासणी, असं धरून चाला. लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी करायचीच आहे.

आता आपण काय करायचं

१) घरातल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येक बाईने, काही त्रास नसला तरी, तपासणी करून घ्यावी. महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात आधी विचारा. नाहीतर स्मीमेर किंवा नव्या सिव्हिलमध्ये स्त्रीरोग विभागात जा. एचपीव्ही तपासणी आहे का, हे स्वतः विचारा.

२) पाळी गेल्यावर रक्त दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पांढरं जाणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

३) ९ ते १४ वयाच्या मुली असतील तर लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. शंका असतील त्या सगळ्या विचारा. विचारून, समजून संमती देणं हा आपला हक्क आहे.

४) हे पुरुषांसाठी. ती स्वतःहून सांगणार नाही. तुम्ही विचारा. तपासणीला अर्धा दिवस जातो. त्या दिवशी मासळीची पाटी तुम्ही घेऊन बसा.

पुढच्या मासिक सभेपासून संस्थेच्या कार्यालयात तपासणीसाठी नावं घेऊ. यादी आमच्या महिला संचालकांकडेच राहील, कारण कुणाला सांगावं लागणार नाही. दहा-बारा जणी झाल्या की रिक्षा करून सगळ्या एकत्र जातील. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही.

होडी पुन्हा घेता येते, त्यासाठी संस्था कर्जही देते. गेलेल्या माणसासाठी कुठलीच संस्था काही करू शकत नाही.

संस्थेच्या वतीने,
सचिव, गोडादरा