चकाकते ते सारेच ‘गोल्ड स्टार’ नसते!

ब्रिटनमध्ये पूर्णपणे दुरुस्त करून, क्रोमचा मुलामा देऊन विक्रीस ठेवलेली जुनी ‘बीएसए गोल्ड स्टार’ दिसली की मोटरसायकलींच्या शौकिनांची पावले थबकतात. मात्र, या गाडीचे मोल तिच्या झळाळीवर नव्हे, तर इंजिन आणि सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकांवर ठरते. हे क्रमांक न तपासणाऱ्या ग्राहकाच्या गळ्यात नकली गाडी पडण्याची भीती असते.

‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ अर्थात ‘बीएसए’ ही मुळात बंदुका बनविणारी कंपनी. १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत कंपनीच्या ‘एम्पायर स्टार’वरून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. असा पराक्रम करणाऱ्यास तेथे सोनेरी ताऱ्याचे पदक मिळत असे. त्यावरूनच पुढील वर्षीच्या नव्या गाडीचे ‘गोल्ड स्टार’ असे नामकरण झाले.

या मालिकेतील ‘डीबीडी ३४’ला आज मोठी मागणी आहे. ४९९ सीसीचे एकच सिलिंडर असलेली ही गाडी ताशी सुमारे ११० मैल, म्हणजे १७७ किलोमीटर वेग गाठत असे. १९६३ मध्ये ‘गोल्ड स्टार’चे उत्पादन थांबले. गाड्या मोजक्या आणि गिऱ्हाईक अनेक, अशी स्थिती झाल्याने बनावटगिरीला वाव मिळाला.

‘बीएसए’च्याच ‘बी ३१’ आणि ‘बी ३३’ या साध्या गाड्या दिसायला ‘गोल्ड स्टार’च्या जवळच्या. त्यांना ‘गोल्ड स्टार’चे सुटे भाग जोडले की वरवर पाहणारा सहज फसतो. ‘डीबीडी ३४’च्या अस्सल सांगाड्यात मात्र उजव्या बाजूच्या खालच्या नळीला बाक असतो. ऑइल पंपाला जागा मिळावी, यासाठी तो दिलेला असतो. सांगाड्याच्या क्रमांकाआधी ‘सीबी ३२’, तर इंजिनाच्या क्रमांकाआधी ‘डीबीडी ३४ जीएस’ ही अक्षरे असावी लागतात.

दोन्ही क्रमांक एकच असले पाहिजेत, हा मात्र गैरसमज आहे. ‘गोल्ड स्टार’वर ते वेगवेगळेच असत. कोणत्या सांगाड्यात कोणते इंजिन बसवून गाडी कारखान्याबाहेर पडली, याची नोंद कंपनीच्या वह्यांत होई. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील ‘व्हिंटेज मोटरसायकल क्लब’ने ‘बीएसए’च्या अशा नोंदी जतन केल्या आहेत. विक्रीस आलेली जोडी त्यांच्याशी पडताळून पाहता येते. शर्यतीत वापरलेल्या गाडीचे इंजिन पुढे बदललेले असू शकते. त्यात गैर काही नाही. ते लपवून पूर्ण किंमत मागणे, ही फसवणूक ठरते. क्रमांकाभोवतीचा धातू घासलेला दिसल्यास तर अधिकच सावध राहावे.

‘बीएसए’ हे नाव २०१६ मध्ये महिंद्र समूहातील ‘क्लासिक लेजेंड्स’कडे आले आणि २०२१ मध्ये नवी ‘गोल्ड स्टार’ अवतरली. नव्या गाडीची हमी कंपनी देते. जुन्या गाडीची हमी हवी असेल, तर वहीतील नोंदच पाहावी लागते.