जाड अक्षरांची पोटं मोकळी हवीत

महाराष्ट्रात २०२२च्या कायदा-दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि त्यावरचं मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावं, असंही बजावलं. आमच्या नवी मुंबईतही वाशी-नेरुळपासून बेलापूरपर्यंत हा नियम सगळ्या दुकानांना लागू आहे. पण कायदा अक्षराचं आकारमान ठरवतो, त्याचं वळण नव्हे. म्हणूनच मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आणलेला ‘बलू’ मला महत्त्वाचा वाटतो. जाडजूड, गोलसर टोकांचा, हसऱ्या चेहऱ्याचा हा फॉन्ट. सारंग कुलकर्णी यांनी त्याची देवनागरी घडवली. रोमन अक्षरं त्याच संस्थेने त्याच स्वभावाची केली, त्यामुळे दोन लिप्यांच्या पाटीवर मराठी ओढूनताणून बसवल्यासारखी दिसत नाही. गुजराती, बंगाली, तमिळ अशा इतर लिप्यांतही त्याची भावंडं आहेत.

देवनागरी जाड करणं म्हणजे रेघ फुगवणं नव्हे. वर शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आत गाठी आणि जोडाक्षरं. रेघ जाड झाली की पहिला बळी जातो तो अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेचा. ‘घ’ आणि ‘ध’ हेच बघा. ‘घ’वर शिरोरेघ सलग जाते, ‘ध’च्या डोक्यावर ती तुटते आणि तिथे छोटी गाठ येते. ही फट बुजली, तर पाटीवर घणसोली लिहिलंय की धणसोली, हे धावत्या बसमधून कळणार नाही. ‘भ’ आणि ‘म’चं दुखणंही तेच. म्हणून निष्णात अक्षरकार सांध्यापाशी रेघ बारीक करतो, गाठ उघडी ठेवतो. याच संस्थेच्या ‘मोदक’ या फॉन्टमध्ये जाडी इतकी ताणली आहे की पोटातल्या जागेच्या नुसत्या चिरा उरतात. तो प्रयोग धाडसी आहे, पण रोजच्या पाटीला ‘बलू’च बरा.

यावर आक्षेप येतो, की गोलमटोल अक्षरं पोरकट दिसतात आणि फुकट फॉन्टमुळे सगळ्या पाट्या एकसारख्या होऊन पेंटरचा हात हरवतो. पहिल्यात तथ्य आहे. दवाखान्याच्या सूचनेला किंवा लांबलचक मजकुराला मूळचा ‘बलू’ शोभत नाही. तो थोड्या शब्दांसाठीच आहे. पुढे ‘बलू २’मध्ये पाच वजनं, म्हणजे जाडीचे पाच प्रकार आले, तरी त्याचा पिंड मथळ्याचाच. दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेली वळणं कोणताही फॉन्ट देणार नाही, पण कोपरखैरण्यातल्या किराणावाल्याला ती परवडणारही नव्हती. त्याच्यापुढे पर्याय होता तो संगणकावर बळेच फुगवलेल्या, पोटं बुजलेल्या अक्षरांचा. मुक्त परवान्याचा, नीट घडवलेला फॉन्ट त्याहून कितीतरी चांगला.

तेव्हा पाटी करायला टाकण्याआधी दुकानाचं नाव छोट्या आकारात छापून घ्या, हात लांब करून बघा, आणि एखाद्या अक्षराचं पोट बुजलेलं दिसलं तर ती पाटी परत पाठवा.