मिलिमीटरात न मावणारा झाडोरा

नामिबियाचं क्षेत्रफळ सुमारे 8,24,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेतीन पट. वस्ती मात्र जेमतेम 30 लाखांची. देशभरातल्या पावसाची सरासरी वर्षाला 300 मिलिमीटरच्या आत. या एका आकड्यावरून तिथल्या झाडोऱ्याचा अंदाज बांधायला गेलात, तर मात्र फसाल.

ईशान्येच्या झांबेझी भागात 600 ते 700 मिलिमीटर पडतो. तिथे रुंद पानांचं जंगल आहे आणि त्यात आपल्या बिबळा या झाडाचा एक भाऊबंदही. विंडहूकच्या पठारावर आकडा साडेतीनशेच्या आसपास येतो, तिथे गवत आणि बाभळीच्या गोतातली काटेरी झाडं. किनाऱ्यावरच्या वॉल्व्हिस बेला वर्षाकाठी 20 मिलिमीटरही धड नाही. महाबळेश्वरात आषाढातली एक जोरदार सर एवढं पाणी तासाभरात ओतून जाते.

तरीही किनारा उजाड नाही, कारण पर्जन्यमापकात न मोजलं जाणारं पाणी तिथे येतं. बेंग्वेलाच्या थंड प्रवाहामुळे वर्षातले शंभरावर दिवस धुकं दाटतं आणि पन्नासेक किलोमीटर आत सरकतं. त्यावर खडीच्या सपाटीवर दगडफुलं जगतात. गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीची, पण इथे मैलोन् मैल पसरलेली. सकाळी ओलावा लागला की सुकलेली पापडी मऊ पडते, रंग धरते. ऊन चढलं की पुन्हा कुरकुरीत. तिच्यावरून एकदा गाडी गेली, तर चाकोरी कित्येक दशकं दिसत राहते.

नैऋत्येला पाऊस तसा थोडाच, पण तो पडतो हिवाळ्यात. ऊन तेव्हा मवाळ असतं, म्हणून थेंब वाया जात नाही आणि जाड पानांच्या बुटक्या वनस्पतींची गर्दी होते. हिऱ्यांपायी 1908 पासून हा पट्टा लोकांना बंद होता. माणसाच्या हावेने झाडांचं भलं केल्याचं असं उदाहरण विरळाच. 2008 साली तिथल्या सुमारे 26,000 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं.

आणि इथलीच एक वनस्पती, वेल्विचिया. फ्रेडरिक वेल्विच यांना ती 1859 मध्ये शेजारच्या अंगोलात दिसली. जन्मभरात पानं दोनच, वर्षाला साधारण 10-15 सेंटीमीटर वाढणारी. काही झाडं हजार वर्षांची आहेत. हिशेबाने त्यांचं पान शंभर मीटरच्या पुढे जायला हवं. असतं चारेक मीटर, तेही चिंध्या झालेलं. बाकीचं वाऱ्याने आणि तापल्या खडीने कुरतडून नेलेलं.